पायाच्या अंगठ्याचं नख सारखं रुततंय, पोडियाट्रिस्टकडे नेल सर्जरी करून घ्यावी का?

इंद्रायणी_र :
नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात रेडिंगजवळ राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, फुटबॉलचं वेड आहे, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख बाहेरच्या बाजूने मासात घुसलंय. जवळजवळ वर्ष झालं हेच चाललंय, सुजतं, पू येतो, जीपी (इथले फॅमिली डॉक्टर) अँटिबायोटिक देतात, थोडे दिवस उतार पडतो की परत तेच. आता तर नखाच्या कडेला लाल लिबलिबीत मास वाढलंय, मोजा काढताना चिकटतो आणि रक्त येतं, रात्री पांघरूण लागलं तरी ओरडतो.
जीपीने आता पोडियाट्रीकडे, म्हणजे पायांच्या तज्ज्ञांकडे, पाठवलंय. तिथून पत्र आलं की बोट बधिर करून नखाची कडेची पट्टी काढणार आणि मुळाला फिनॉल लावणार. सासूबाई साताऱ्याहून रोज सांगतायत की अंगठ्याला लिंबू बांध, हळद भर. नवरा म्हणतो सुट्टीत भारतात जाऊ तेव्हा आपल्या सर्जनकडून अख्खं नखच काढून टाकू, कटकट जाईल. मला कळत नाहीये की पोडियाट्रिस्ट म्हणजे डॉक्टर नाही ना, मग त्यांच्याकडून सर्जरी करून घ्यायची का, फिनॉल म्हणजे ॲसिडच ना ते, मुलाच्या बोटाला काही होणार नाही ना, आणि नंतर नख कायमचं विद्रूप दिसेल का. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

कोकणकडा :
अख्खं नख काढू नका. एवढंच आधी सांगतो मग बाकीचं.
कॉलेजात असताना पुण्यात माझं पूर्ण नख काढलं होतं. पहिले काही महिने स्वर्ग, दुखणं नाही काही नाही. नवीन नख यायला वर्ष सव्वा वर्ष लागलं आणि आलं ते जाड, थोडं वाकडं, आणि मधल्या काळात पुढचं मास वर आलेलं त्यामुळे नख पुढे सरकायला जागाच नाही, परत दोन्ही बाजूंनी रुतलं. मग दुसऱ्या एका सर्जनने फक्त कडा काढून मुळाला फिनॉल लावलं, त्याला आता कितीतरी वर्षं झाली, सह्याद्रीत उतरणीला अंगठा बुटात आपटतो तरी काही त्रास नाही. पहिल्या वेळेलाच कोणी हे केलं असतं तर वर्षं वाचली असती.

गोदाकाठ :
आमच्याकडे नखाच्या मधोमध व्ही आकाराची खाच कापतात, म्हणजे नख मधे जुळायला जातं आणि कडा आपोआप मासातून बाहेर येतात असं म्हणतात. आणि कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सरकवायची. करून बघा, सर्जरी कशाला लगेच.

पायवाट :
इंद्रायणीताई, मी इंग्लंडात एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, पोडियाट्रिस्ट म्हणून काम करते, आमच्याकडे आठवड्यातला एक दिवस फक्त नेल सर्जरीचा असतो, त्यामुळे जरा मोठं लिहिते.
आधी होतं काय ते. नख वाढतं ते मागून, त्वचेखाली जे मूळ असतं, मॅट्रिक्स म्हणतात, तिथून. आणि सरकत्या खिडकीची काच रुळातून सरकते तसं ते दोन्ही बाजूंच्या खाचांमधून पुढे सरकतं. कोपरा गोल किंवा फार खोल कापला, किंवा हाताने ओढून तोडला, की आत एक टोक राहतं जे वरून दिसत नाही. नख पुढे सरकतं तसं ते टोक मासात शिरतं. शरीराच्या दृष्टीने ती बाहेरची वस्तू, म्हणून सूज, मग जंतू, मग ते लाल मास. तुमच्या मुलाला अँटिबायोटिकने तात्पुरतं का बरं वाटतं ते यात आलं, जंतू कमी होतात पण टोक जागच्या जागीच असतं. लिंबू, हळद यांचंही तेच, बरं वाटेल पण टोक निघणार नाही, आणि उघड्या जखमेवर लिंबाचा रस म्हणजे पोराला नुसता जाळ.
गोदाकाठ, व्ही कापून काही होत नाही हो. नखाचा दिसणारा भाग निर्जीव केराटिन आहे, पुढच्या टोकाला तुम्ही काय कापलंत ते मागच्या मुळाला कळत नाही. कापसाच्या वातीचा मात्र उपयोग होतो, पण सुरुवातीला, जेव्हा नुसतं लाल आहे आणि दुखतंय तेव्हा. हाईफेट्झ नावाच्या डॉक्टरने १९३७ साली याच्या तीन पायऱ्या मांडल्या त्या आजही वापरतात: पहिली नुसती लाली आणि सूज, दुसरी पू, तिसरी लाल मास वाढून कडेची कातडी जाडजूड होणं. ताईंनी लिहिलंय ती तिसरी आहे. इथे वातीवर महिने घालवणं म्हणजे मुलाला उगाच त्रास.
आता ऑपरेशन. बोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी बधिर करायचं इंजेक्शन देतात, दुखतं ते एवढंच, पण ते दुखतं, मुलाला खोटं सांगू नका. मग बोटाला रबरी रिंग चढवतात म्हणजे रक्त येत नाही आणि फिनॉल पातळ होत नाही. कडेची साधारण पाचव्या हिश्शाची किंवा त्याहूनही बारीक पट्टी उभी कापून थेट मुळापर्यंत सोडवून काढतात. मग बारीक कापसाच्या काडीवर फिनॉल घेऊन त्या रिकाम्या खाचेत मुळाशी चोळतात, एकूण एक ते तीन मिनिटं, मग धुवून कोरडं करतात, रिंग काढून बोटाचा रंग परत आलेला बघतात आणि जाड ड्रेसिंग. टाके नाहीत, झोपवायची पूर्ण भूल नाही, सगळं मिळून तासाभराच्या आत, आणि मूल चालत घरी जातं.
फिनॉल हो, जाळतंच ते. म्हणूनच त्या एवढ्याशा पट्टीचं मूळ कायमचं बंद होतं आणि तिथून नख परत येत नाही. आजूबाजूच्या कातडीला आधी व्हॅसलिन लावून ठेवतात. हे काही नवीन खूळ नाहीये, नखासाठी फिनॉल वापरायची पद्धत १९४५ साली बोल नावाच्या अमेरिकन कायरोपोडिस्टने (पोडियाट्रिस्टचं जुनं नाव) लिहिली आणि तेव्हापासून चालू आहे. त्याचंच जुनं नाव कार्बोलिक ॲसिड, लिस्टर या ब्रिटिश सर्जनने जखमांसाठी वापरलं तेच. क्लिनिकमध्ये शिरल्यावर लहानपणीच्या लाल कार्बोलिक साबणाचा वास येईल. मज्जातंतूंची टोकंही त्याने बधिर होतात म्हणून नंतर दुखणं लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच कमी असतं.
आणि आम्ही एमबीबीएस डॉक्टर नाही हे बरोबर. पण ब्रिटनमध्ये पोडियाट्रिस्ट हे नाव कायद्याने संरक्षित आहे, हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव असल्याशिवाय कोणी ते लावू शकत नाही, तुम्ही ऑनलाइन तपासू शकता. पदवीचा अभ्यासक्रम फक्त पायाचा असतो आणि बोट बधिर करणं, नेल सर्जरी हे आमचं रोजचं काम आहे.
एक प्रश्न, मुलगा सध्या कुठली औषधं घेतोय का? पुटकुळ्यांसाठी वगैरे?

इंद्रायणी_र :
पायवाट, किती छान समजावलंत, नवऱ्यालाही वाचायला दिलं. आणि हो!! चेहऱ्यावर खूप पिंपल्स होते म्हणून स्किनच्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल चालू केल्यात, अजून काही आठवडे कोर्स बाकी आहे. त्याचा नखाशी काय संबंध?

पायवाट :
चांगलाच संबंध आहे म्हणून विचारलं. आयसोट्रेटिनॉइनने कातडी पातळ आणि नाजूक होते, काही जणांना नखांच्या कडेला सूज आणि लाल मास वाढायला लागतं, नख आधी कधीच रुतलेलं नसलं तरी. आणि जखम भरतानाही असंच मास जास्त वाढू शकतं. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी कोर्स संपून थोडा काळ गेल्याशिवाय फिनॉल लावत नाहीत. किती थांबायचं ते प्रत्येक विभागाचं वेगळं असतं, तेव्हा अपॉइंटमेंटच्या आधीच फोन करून सांगा, आणि कॅप्सूल स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्वचेच्या डॉक्टरांशी बोला. तोपर्यंत टेपिंग शिकून घ्या: चिकटपट्टीचं एक टोक नखाच्या अगदी कडेच्या मासावर लावायचं, मास नखापासून बाजूला ओढायचं आणि पट्टी बोटाखालून तिरकी नेऊन चिकटवायची. लाल मासावर क्लिनिकमध्ये सिल्व्हर नायट्रेटही लावतात. फुटबॉलचे बूट बंद, घरी पुढून उघडी चप्पल.

डॉ_भीमथडी :
मी बारामतीकडे जनरल सर्जन आहे. पायवाट यांनी लिहिलंय ते योग्यच आहे, भारतातल्या वाचकांसाठी थोडी भर घालतो कारण आपल्याकडे पोडियाट्रिस्ट म्हणून वेगळी पाटी फार क्वचित दिसते, शहरांत डायबेटिक फूट क्लिनिक आहेत, बाकी ठिकाणी हे काम आम्ही सर्जन, अस्थिरोगवाले किंवा त्वचारोगतज्ज्ञ करतो.
कोणाकडेही जा पण एकच प्रश्न विचारा: मुळाचं काय करणार? नुसतं नख काढणं हे सगळ्यात सोपं, पाच मिनिटांचं काम, म्हणून ते सर्रास होतं, पण मूळ शाबूत असल्यावर नख परत येणार आणि त्यातली बरीच परत रुतणार. २०१२ साली कॉक्रन या वैद्यकीय अभ्यास पारखणाऱ्या संस्थेने चोवीस अभ्यास एकत्र तपासले, त्यातही हेच आलं की नुसतं नख काढण्यापेक्षा नख काढून फिनॉल लावलं तर दुखणं उलटायचं प्रमाण बरंच कमी राहतं, आणि वरून अँटिबायोटिक देऊन फारसा फरक पडत नाही. विनोग्राडची १९२९ची पद्धत अजून बरेच सर्जन करतात, त्यात कडेचं नख, खालचं मास आणि मूळ पाचरीसारखं कापून टाके घालतात. तीही चांगली आहे, मास फार जाड झालेलं असेल तर मी तीच करतो, पण दुखणं जास्त आणि हात चांगला बसलेला हवा. फिनॉलला औषध म्हणून खर्च जवळजवळ नाहीच, तालुक्याच्या दवाखान्यातही होण्यासारखं आहे, आणि ते होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. उसाच्या तोडणीला जाणारी माणसं पू झालेल्या अंगठ्याला चिंधी बांधून हंगाम काढतात, आणि येतात तेव्हा बोट हाडापर्यंत चिघळलेलं असतं.
अजून एक. तरुण मुलाच्या नखाखाली घट्ट, न हलणारी गाठ लागली तर एक्सरे काढा, हाडाची वाढ असू शकते, ती नख रुतल्यासारखीच दिसते. आणि मोठ्या माणसाच्या नखाच्या कडेचं मास महिनोन्महिने भरतच नसेल तर तुकडा तपासायला पाठवा. कॅन्सर नखाखालीही होतो, क्वचित, पण चुकला तर महागात पडतो.

मावळती :
डॉक्टर, तुमची पोस्ट वाचून विचारतेय. माझे बाबा सोलापूरला असतात, वय ७१, शुगर वीस वर्षांपासून. ते नखं स्वतः ब्लेडने कापतात, कितीही सांगितलं तरी. डाव्या अंगठ्याचा कोपरा कापताना मास कापलं गेलं, आता तो कोपरा काळपट दिसतोय असं आई म्हणाली. दुखत नाही म्हणतात, त्यामुळे ते डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. पुढच्या महिन्यात मी जाणार आहे तेव्हा दाखवलं तर चालेल का?

डॉ_भीमथडी :
नाही. आज दाखवा. दुखत नाही हे बरं लक्षण नाहीये, शुगरने पायाची संवेदना गेलेली असू शकते, आणि काळपट म्हणजे तिथे रक्त पोचत नसेल. डायबेटिक फूट बघणारा सर्जन किंवा रक्तवाहिन्यांचा सर्जन गाठा. त्यांनी आधी पायाच्या नाड्या बघायला हव्यात, डॉपलर (रक्तप्रवाह बघायची तपासणी) करायला हवा, नायलॉनच्या तंतूने संवेदना तपासायला हवी. तोवर कोणालाही नख काढू देऊ नका, मेडिकलवाल्याला नाही, मलाही नाही. रक्तपुरवठा नसलेल्या बोटावर छोटी जखम केली तरी ती भरत नाही. गरम पाण्यात पाय बुडवून बसवू नका, चटका बसलेला त्यांना कळणार नाही. शेजारच्या कोणाला तरी सांगून आत्ता पाठवा.

पायवाट :
डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. मावळती, प्लीज उद्यावर टाकू नका. कळवा.

ऑझी_मराठी :
मी मेलबर्नला. इथेही पोडियाट्रिस्टच करतात. मला मात्र आधी ब्रेस लावली, नखावर बारीक तारेसारखी किंवा पट्टीसारखी असते, ती हळूहळू कडा वर उचलते. माझी नखं जन्मापासूनच कमानीसारखी वळलेली आहेत, पू वगैरे नव्हता, फक्त दुखायचं, त्यामुळे ब्रेसने चांगला आराम पडला, पण अधूनमधून बदलावी लागते आणि खर्च खिशातून. काढल्यावर हळूहळू परत वळायला लागलं, आता मीही फिनॉलच्या विचारात आहे. आणि मी तेव्हा प्रेग्नंट होते म्हणून पोडियाट्रिस्टच फिनॉल नको म्हणाले होते, बायकांनी हे लक्षात ठेवा, पाजत असाल तरी आधी सांगा.

मावळती :
सगळ्यांचे खूप खूप आभार. मामेभाऊ त्याच दिवशी घेऊन गेला. पायात रक्त फारच कमी जात होतं, आधी अँजिओप्लास्टी केली, मग जखमेची साफसफाई. अंगठ्याचं टोक थोडं गेलं पण पाय वाचला. डॉक्टर म्हणाले महिनाभर थांबला असतात तर काही खरं नव्हतं. आता नखं आई कापते, नेलकटरने, सरळ, आणि रोज रात्री तळवा आरशात बघतात.

डॉ_भीमथडी :
फार बरं वाटलं. सिगरेट-तंबाखू असेल तर तेही बंद करायला लावा, अँजिओप्लास्टी केलेली नळी तंबाखूने परत बंद होते.

इंद्रायणी_र :
बऱ्याच महिन्यांनी येतेय, राहिलं होतं सांगायचं. कॅप्सूलचा कोर्स संपल्यावर थांबायला सांगितलं होतं तेवढं थांबलो, टेपिंगने दिवस काढले, आणि मग झाली सर्जरी.
मी आत बसले होते. पोडियाट्रिस्ट मुलगी जेमतेम तिशीची, पण इतक्या शांतपणे प्रत्येक गोष्ट आधी मुलाला सांगायची मग करायची. इंजेक्शनला त्याने माझा हात घट्ट धरला, डोळ्यात पाणी आलं, पण नंतर मात्र काही कळलंच नाही त्याला, टोचून बघितलं तरी हसत होता. निघालेली पट्टी तिने दाखवली तेव्हा मी थक्क झाले, वरून जेवढं नख दिसत होतं त्याच्या कितीतरी जास्त आत होतं, आणि टोकाला खरंच हूकसारखा काटा. वर्षभर हे त्याच्या मासात होतं. मला त्या क्षणी एवढं भरून आलं.
गाडी नवऱ्याने चालवली, मुलगा पाय वर ठेवून बसला, बधिरपणा उतरल्यावर पॅरासिटामॉल दिली, रात्री झोपला. पण आता प्रश्न असा की खाचेतून पिवळट पाणी येतंय, मोज्याला डाग पडतो, बोट लाल आहे. परत इन्फेक्शन झालं का? सासूबाई म्हणतायत बघ मी सांगत होते.

पायवाट :
अभिनंदन, सगळ्यात अवघड भाग झाला. पिवळट पाणी येणारच, फिनॉलने भाजल्यासारखी जखम होते ती तशीच भरते, दोन-तीन आठवडे तर नक्की, कधी सहा आठवडेही वाहते. पुष्कळ लोक यालाच पू समजून घाबरतात आणि उगाच अँटिबायोटिक चालू होतं. फरक असा बघा: रोज थोडं थोडं कमी होतंय, दुखणं उतरतंय, लाली खाचेपुरती आहे, तर ठीक. दुखणं कमी होऊन परत वाढलं, लाली बोटावरून पावलाकडे सरकली, ठणका लागला, घाण वास आला, ताप आला, तर त्याच दिवशी क्लिनिकला फोन.
ड्रेसिंग त्यांनी सांगितलंय त्या अंतराने बदला, बदलताना कोमट मिठाच्या पाण्याने धुवा, नीट टिपून कोरडं करा, आणि जखमेला न चिकटणारी पट्टी लावा. खपली आली की ती खाच बंद करते आणि आत पाणी साठतं, तेव्हा धुताना मऊ झालेली खपली निघाली तर निघू दे, ओढू नका. हळद, मलम, पावडर काहीही आत भरू नका. सासूबाईंना माझ्याकडून सांगा की हळद दुधातून द्या, मुलाला आवडत असेल तर.

इंद्रायणी_र :
सांगितलं! त्या हसल्या, म्हणाल्या मिठाचं पाणी तर आम्हीही सांगत होतो.

कोकणकडा :
माझ्या टीममधला एक जण चाकणला कारखान्यात आहे, पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज दिवसभर, दोन्ही अंगठे रुतलेत. त्याला हा धागा पाठवलाय. त्याचा प्रश्न आहे की दोन्ही पायांचं एकदम करता येतं का आणि किती दिवस सुट्टी लागेल, आणि नख बारीक झाल्यावर कसं दिसतं.

डॉ_भीमथडी :
एकदम करता येतं, बधिर करायच्या औषधाची मात्रा वजनाप्रमाणे मर्यादेत ठेवली की झालं. पण दोन्ही पायांना ड्रेसिंग घेऊन घरी कोण बघणार याचा विचार करावा. टेबलावरचं काम असेल तर दोन-तीन दिवसांत जाता येतं, सेफ्टी शूज घालून आठ तास उभं राहायचं असेल तर खाच कोरडी होईपर्यंत नको, म्हणजे काही आठवडे. कंपनीच्या डॉक्टरकडून तेवढे दिवस बसून करायचं काम मागून घ्यावं. आणि बुटाची टोपी रुंद असलेला साइझ मिळतो, स्टोअरवाल्याला मागावा लागतो, ते आपणहून देत नाहीत.

पायवाट :
दिसायचं म्हणाल तर नख थोडं अरुंद दिसतं, कातडी कडेला बसली की बाहेरच्यांच्या लक्षातही येत नाही. फिनॉलनंतरही थोड्यांना कडेने बारीक काटा परत येतो, साधारण शंभरात पाचाच्या आत, आला तर तेवढाच परत करता येतो. नख सरळ कापायचं, कोपरा बोटाच्या कडेच्या वर दिसत राहिला पाहिजे, आणि टोकदार वाटला तर कानशीने घासायचा, कापायचा नाही. घामट पायांच्या मुलांनी मोजे रोज बदलावेत, ओल्या मासात नख पटकन शिरतं. इंद्रायणीताई, खाच पूर्ण कोरडी झाल्यावर आधी साध्या बुटात पळू दे, मग फुटबॉल. आणि बूट घेताना मोजा घालून, संध्याकाळी, उभं राहून माप घ्या, या वयात पाय अजून वाढत असतो.